नेरिस, तू एकदाच विचारलंस

नेरिस, आज मी मराठीत बोलणार आहे. तुला यातलं एक अक्षर कळणार नाही आणि खरं सांगायचं तर मला तेच हवंय. तीसेक वर्षं मी तुझ्याशी तुझ्या भाषेत भांडले आणि जवळपास प्रत्येक भांडण हरले. मी रागाच्या भरात बोलायला लागले की तू मध्येच माझं वेल्श दुरुस्त करायचीस, वर्गात करायचीस तसं, शांतपणे. मी दुरुस्त केलेलं वाक्य पुन्हा म्हणायचे आणि तोवर मूळ मुद्दा निसटून गेलेला असायचा. आज दुरुस्त करणारं कुणी नाही. आपलं शेवटचं भांडण अर्ध्यावर राहिलंय, ते मला पुरं करायचंय.

तुला जाऊन अजून महिनाही झाला नाही. खोऱ्यातल्या आपल्या वेल्श मासिकात तुझ्यावर अर्धं पान आलंय, फोटोसकट. गावच्या शाळेत किती वर्षं शिकवलंस, चॅपलमध्ये किती वर्षं ऑर्गन वाजवलास, लग्न केलं नाहीस, मागे एक भाचा आहे. सगळं बरोबर छापलंय. वाचून झाल्यावर मी ते मिटून कपाटावर ठेवलं. त्या अर्ध्या पानात तू मला भेटली नाहीस.

मला तू आठवतेस ती माझ्यापुढची बशी उचलून आत नेणारी. आम्ही तेव्हा नुकतेच साउथहॅम्प्टनहून या वेल्श गावात आलो होतो. हे, म्हणजे माझे यजमान, ज्यांना तुम्ही सगळे शेवटपर्यंत नुसतं 'डॉक्टर' म्हणालात, तिथल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये नोकरी करायचे. तुमच्या दवाखान्याला बरेच महिने डॉक्टर मिळत नव्हता आणि यांना डोंगरात राहायची हौस. हौस यांची आणि फरफट माझी. निखिल चार वर्षांचा होता, तुझ्याच वर्गात जाणार होता, म्हणून तू आम्हाला 'पानेद'ला बोलावलंस. कपभर चहाला तुमच्याकडे पानेद म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. चहाबरोबर तू 'बारा ब्रिथ'चे, तुमच्या त्या मनुका घातलेल्या पावाचे, लोणी लावलेले काप पुढे केलेस.

मी सांगलीची. आमच्याकडे पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदाही नकोच म्हणायचं, फक्त जरा हळू आवाजात. तिसऱ्यांदा यजमानीण म्हणते, 'काहीतरीच काय, एक तरी घ्या,' आणि मग आपण घेतो. मी म्हटलं, नको नको. तू म्हणालीस, बरं, आणि बशी आत घेऊन गेलीस. निखिलने आधीच हो म्हटलं होतं, तो आरामात खात बसला होता. मी भुकेली घरी आले आणि यांच्यापाशी धुसफुसले, 'काय माणसं आहेत, विचारायचं म्हणून विचारतात.'

आमच्याकडची रीत दाखवावी म्हणून मी तुला जेवायला बोलावलं. पुऱ्या, बटाट्याची भाजी, घरी चक्का बांधून केलेलं श्रीखंड. तुझं ताट रिकामं झालं की मी वाढायचे, आणि मी वाढलं की तू संपवायचीस. तुमच्या चॅपलच्या वळणात ताटात टाकणं पाप, आणि माझ्या वळणात पाहुणीचं ताट रिकामं दिसणं म्हणजे नाचक्की. दोघी आपापल्या परीने सभ्यपणे वागत राहिलो. दुसऱ्या दिवशी तू शाळेत गेली नाहीस. यांना औषध घेऊन तुझ्या घरी जावं लागलं. परत आले ते हसतच. म्हणाले, 'शैला, बाई थोडक्यात वाचली. ती विचारतेय, तुमची पत्नी फार प्रेमळ आहे, पण तिला थांबवायचं कसं?'

त्यानंतर आपली मैत्री झाली. कशी झाली ते नेमकं सांगता येत नाही. मी दवाखान्यात बसायला लागले, नावं लिहून घ्यायची, औषधांच्या पुड्या द्यायच्या, आणि गावातली निम्मी माणसं जोन्स आणि उरलेली विल्यम्स निघाली. कुठल्या जोन्सला रक्तदाबाची गोळी द्यायची तेच कळेना. तू आलीस, म्हणालीस, आडनावं सोडून दे, घरं शीक. मग एका शनिवारी तू मला रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलंस आणि प्रत्येक दारापाशी थांबून घराचं नाव सांगितलंस. तू नेरिस पेन-इ-बाँट, पुलाच्या टोकाच्या घरातली नेरिस. मला घराचं नाव लागायच्या आत गावाने शैलाची शीला केली होती, आणि आमचं घर 'डॉक्टरांचं' झालं होतं.

ते चालणं मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. लहानपणी शाळेत आमच्या हातात जी पाटी असायची, त्याच दगडाचं अख्खं गाव. छपरं त्याची, कुंपणं त्याची, चुलीभोवतीची कड त्याची, थडगी त्याची. वर डोंगर कोरून कोरून अर्धा झालेला. तू सांगितलंस की पूर्वी इथली सगळी पुरुषमाणसं उजाडायच्या आधी त्या खाणीत चढून जायची, दुपारी एका दगडी खोपटात डबे खायची, आणि डबे खाता खाता तिथे वादविवाद व्हायचे, कविता म्हटल्या जायच्या, कुणी चुकीचं गायलं तर त्याला पुन्हा गायला लावायचे. संध्याकाळी तीच माणसं खोकत खाली यायची. त्यांच्यातल्या शेवटच्या म्हाताऱ्यांची छाती पुढे यांनीच तपासली. चॅपल त्यांनीच बांधलेलं, स्वतःच्या पगारातून. तुझी आजी शाळेत वेल्श बोलली म्हणून तिच्या गळ्यात शिक्षेचा लाकडाचा तुकडा अडकवला होता, हेही तू सांगितलंस, पण ते अगदी कोरडेपणाने, हवापाणी सांगावं तसं.

आणि त्याच दिवशी मी तुला बशीचं विचारलं. म्हटलं, पुन्हा एकदा विचारायला काय झालं होतं? तू आधी समजलीच नाहीस. मग कळल्यावर चालता चालता थांबलीस आणि आजोबांची गोष्ट सांगितलीस. खाणीत दर महिन्याला सौदा व्हायचा. चार-पाच जणांची टोळी डोंगराच्या आपल्या तुकड्यासाठी मुकादमाशी भाव ठरवायची. खडक चांगला निघाला तर पोटभर, वाईट निघाला तर महिनाभर ओढाताण. काही जण मुकादमाच्या मागे मागे फिरायचे, विनवण्या करायचे, त्याच्या घरी अंडी पोचवायचे. त्यांना गावात शेपटीवाले म्हणत. तुझे आजोबा एकदा भाव सांगायचे आणि टोपी डोक्यावर चढवून चालू लागायचे. 'दुसऱ्यांदा विचारलं की समोरच्याला वाटतं आपण त्याच्या दारात उभे आहोत,' तू म्हणालीस. 'मला कुणाला तसं वाटायला लावायचं नाही, आणि कुणाकडून तसं वाटून घ्यायचंही नाही. तू नको म्हणालीस. तुझा शब्द मी का मोडू?'

मला ते पटलं नाही. मी म्हटलं, आमच्याकडे आग्रह केला नाही तर माणसाला वाटतं, आपण नकोच होतो. तू हसलीस आणि म्हणालीस, 'मग तुमच्याकडे नको कसं म्हणतात?'

पहिली दोन वर्षं आपण इंग्रजीत बोललो. मग एक दिवस तू माझ्याशी इंग्रजी बोलणंच बंद केलंस. निखिलला येतं आणि तुला येत नाही हे बरं नाही, म्हणालीस. निखिल घरी येऊन वेल्शमध्ये आकडे म्हणायचा आणि मी पोळ्या लाटता लाटता त्याच्यामागून म्हणायचे. दुकानात, पोस्टात, चॅपलच्या पायऱ्यांवर माणसं माझ्याशी सवयीने इंग्रजी सुरू करायची आणि तू बाजूला उभी राहून नुसती त्यांच्याकडे बघायचीस. तेवढं पुरायचं. तू माझं सगळं दुरुस्त केलंस, उच्चार, शब्द, वाक्यं. एकच गोष्ट दुरुस्त केली नाहीस. मी बोलताना नेहमी 'तुमचं गाव' म्हणायचे. मी वाट बघायचे की एक दिवस तू म्हणशील, अगं, आपलं म्हण. तू कधी म्हणाली नाहीस, आणि मीही कधी विचारलं नाही.

हे गेले त्या वर्षाचं तुझं ऋण मी कसं सांगू. आमच्या घरात चूल पेटवायची नव्हती, हे तुला मी कधी सांगितलं होतं कोण जाणे, पण दहा दिवस रोज पुलापलीकडून झाकलेलं भांडं आलं. कुणाच्या घरचं बटाट्याचं सूप, कुणाचं चीज घातलेलं काहीबाही, आणि प्रत्येकात मांस नाही हे तू स्वतः चाखून बघितलेलं. दाहसंस्काराच्या आदल्या दिवशी तू दारात उभी राहून निखिलला विचारलंस, 'आम्ही गाऊ का?' तो लगेच म्हणाला, हो. त्याच्या जागी मी असते तर म्हटलं असतं, कशाला उगीच तुम्हाला त्रास. मग त्या अनोळखी, गुळगुळीत हॉलमध्ये आपल्या गावातली सगळी माणसं उभी राहिली आणि चार सुरांत गायली. कुणाच्या हातात पुस्तक नव्हतं. निखिल रडला. मी तोवर रडले नव्हते, मीही रडले.

अस्थी आम्ही नाशिकला नेल्या. पुढच्या वसंतात तुमचा फुलांचा रविवार आला, ईस्टरच्या आदल्या आठवड्यातला, ज्या दिवशी प्रत्येक घर आपापल्या माणसांची थडगी घासून धुतं आणि त्यावर फुलं ठेवतं. सगळं गाव बादल्या आणि ब्रश घेऊन चॅपलमागच्या उतारावर चाललेलं, आणि मी खिडकीत उभी. आमच्या माणसाचं थडगं नव्हतं. दुपारी बाहेर पडले तर दवाखान्याच्या पायऱ्या ओल्या, घासून काढलेल्या, आणि प्रत्येक पायरीवर डॅफोडिल. तुला विचारलं तर म्हणालीस, 'कुठेतरी ठेवायला हवी होती ना.' दवाखाना बंद होऊन शहरातल्या मोठ्या केंद्रात गेला, तरी दरवर्षी त्या पायऱ्यांवर फुलं येत राहिली.

आता भांडणाकडे येते.

गाव रिकामं होत चाललं होतं ते आपण दोघींनी मिळून पाहिलं. आधी शाळा गेली. मग दर हिवाळ्यात अंधाऱ्या खिडक्या वाढल्या आणि दारांशेजारी किल्ली ठेवायच्या त्या आकड्यांच्या छोट्या पेट्या आल्या. माणसं उन्हाळ्यात यायची, चांगली असायची, हसून बोलायची आणि जायची. नवा मालक आला की घराचं नाव बदलायचा, आणि तू त्या घरासमोरून जाताना जुनं नाव मोठ्याने म्हणायचीस. मी म्हणायचे, कशाला उगीच जीव जाळतेस, घर त्यांचं आहे. तू म्हणायचीस, घर त्यांचं आहे, नाव त्यांचं नाही. तिथे मी कधी जिंकले नाही आणि आता वाटतं जिंकायचंही नव्हतं.

गेल्या शरदात निखिलचा ब्रॅकनेलहून फोन आला. 'आई, तो घर खूप मोठा आहे तुझ्यासाठी. स्टेअर्स आहेत, हीटिंग आहे, सर्जरी, म्हणजे दवाखाना, पण बंद झाला. तू एकटी कशी मॅनेज करणार? आमच्याकडे खाली रूम आहे, एन-सूट आहे. जस्ट थिंक अबाउट इट.' पोरगं प्रेमानेच बोलत होतं. मी तुला येऊन सांगितलं. तू चहा ओतत होतीस. ओतता ओतता खिडकीबाहेर बघत म्हणालीस, 'माझी मागची खोली रिकामीच आहे. दुपारभर ऊन येतं.'

मी काय म्हणाले ते मला शब्दाशब्दाने आठवतंय. म्हणाले, 'नको ग, तुला कशाला उगीच त्रास.'

तू म्हणालीस, 'बरं.' आणि दूध पुढे सरकवलंस.

मी त्या संध्याकाळी वाट बघितली. पुढचा आठवडाभर बघितली. मला वाटलं तू पुन्हा विषय काढशील. आमच्या घरात असं कुणी एकदा म्हणून गप्प बसलं तर त्याचा अर्थ एकच, तोंडदेखलं म्हटलं. तू काढलास तो वेगळाच विषय. म्हणालीस, घर विकशील तेव्हा शनिवार-रविवारवाल्यांना देऊ नकोस. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, तुला घराची काळजी आहे, माझी नाही. तू म्हणालीस, 'घर इथे राहणार आहे. तू जाणार आहेस.' मी म्हटलं, 'म्हणजे मी जावं असं वाटतं तुला?' तू टेबलावरचे कप गोळा केलेस. मग म्हणालीस, 'मुलाकडे जाणं बरोबरच आहे. तुझी जागा तिथे आहे.' मी कोट चढवला आणि निघाले. पुलावर थांबून मागे वळून बघितलं नाही.

नंतर आपण बोलत राहिलो, भेटत राहिलो. बारा ब्रिथ आला, माझ्याकडून चिवडा गेला. पण तो विषय दोघींनी टाळला, आणि इतकी वर्षं काहीच न टाळणाऱ्या आपण हिवाळाभर हवेवर बोलत बसलो. मी घर विकायला काढायचं ठरवलं, ते निम्मं रागाने. मग तुझा खोकला छातीत उतरला. हॉस्पिटलमध्ये मी शेजारी बसले होते, तुझा हात माझ्या हातात होता, नाकाला नळी होती. तू विचारलंस, 'घराला गिऱ्हाईक मिळालं?' मी म्हटलं, 'मिळेल.' तू डोळे मिटलेस. तेवढंच. घराबद्दल तुझ्या-माझ्यात शेवटी एवढंच बोलणं झालं, आणि दुसऱ्या दिवशी तुला बोलता येत नव्हतं.

तुझ्या अंत्यविधीला ऑर्गन वाजवायला कुणी नव्हतं. लोक तसेच गायले. मीही गायले, दुसऱ्या आवाजात, तू शिकवलेल्या. वेस्ट्रीतल्या, चॅपलमागच्या त्या बैठकीच्या खोलीतल्या, चहाच्या वेळी बायकांनी मला खुर्ची दिली आणि मी बसले, आणि इतकी वर्षं झाली तरी पाहुणीसारखी खुर्चीच देतात असं मनात आलं. राग नाकावर घेऊन मी तुझ्या चहाला बसले होते, नेरिस, तुझं माझ्यावर प्रेम होतं हे माहीत असून.

चार दिवसांनी इवानचा फोन आला. तुझा भाचा, तुझ्यासारखाच, कामापुरतं बोलणारा. म्हणाला, तुमचे स्टीलचे डबे इथे बरेच आहेत, घेऊन जा. मी गेले. डबे टेबलावर धुऊन ठेवले होते. त्यामागे, तुझ्या जुन्या विजेच्या शेगडीशेजारी, नवी कोरी गॅसची शेगडी. दोन बर्नरची, खाली सिलिंडर. आणि गेले काही महिने मी आल्यावर दरवेळी तू स्वयंपाकघराचं दार लावून मला बाहेरच्या खोलीत का बसवत होतीस ते माझ्या लक्षात यायला लागलं.

'हे काय?' मी विचारलं.

'अँटी नेरिसने उन्हाळ्यात बसवून घेतलं,' इवान म्हणाला. 'विजेवर तुमच्या पोळ्या फुगत नाहीत म्हणे. म्हणाली, ती इथे आली की रोज कुरकुर करेल.'

मग त्याने मला मागची खोली दाखवली. ओल काढून भिंतीला नवं प्लास्टर केलेलं, त्यानेच, गेल्या ऑगस्टमध्ये. पलंग खिडकीकडे. न्हाणीघरात धरायला दांडा. एका कोपऱ्यात, भिंतीत, कमरेच्या उंचीवर एक रिकामी फळी. ती कशाला, विचारलं, तर म्हणाला, 'तुमच्या देवांसाठी. किती उंचीवर लागते ते तिला माहीत नव्हतं, म्हणून तुमच्या घरातली तिने गुपचूप मोजून आणली होती.' मी पलंगावर बसले. म्हटलं, 'हे सगळं तिने मला विचारायच्या आधी केलं?' तो म्हणाला, 'हो. मी म्हटलं होतं, आधी विचार तरी. तर म्हणाली, जागा तयार नसताना विचारणं बरं नाही.' फळीवर हात फिरवत म्हणाला, 'मग तुम्ही नको म्हणालात.' त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. नुसतं झालं ते सांगत होता.

नेरिस, मी तुझ्यावर भयंकर रागावले आहे. दुसऱ्यांदा विचारायला तुझं काय जात होतं? पोटभर जेवलेल्या माणसाला मी आणखी वाढते हे तू अनेक वर्षं पाहिलंस. आमच्याकडचं नको म्हणजे नको नव्हे, हे तुला माझ्याच तोंडून कळलं होतं, तू त्यावर हसली होतीस. त्या दिवशी माझा हात धरून एकदा मागच्या खोलीत नेलं असतंस तर मला फळी दिसली असती. मग मला वाटतं, तूही वाट बघत असशील. तयारी करून, दार लावून, एकदा सांगून, टोपी डोक्यावर चढवून. तुझ्या मते तू तुझ्याकडचं सगळं पुढे ठेवलं होतंस आणि मी बघून नाकारलं होतं. त्यावर तू मला मुलाकडे जा म्हणालीस, आणि ते म्हणताना तुला काय वाटलं असेल याचा विचार मला झोपू देत नाही. तुझ्याशी भांडायला बसले होते आणि आता कुणाच्या बाजूने बोलू ते कळेनासं झालंय.

आज फुलांचा रविवार होता. निखिल शुक्रवारीच आलाय, उद्या घर बघायला एजंट यायचाय. मी त्याला बादली दिली आणि उतारावर घेऊन गेले. तुझ्यावर अजून नुसती माती आहे, तुझं नाव दगडावर कोरून यायला वेळ लागेल. म्हणून आम्ही तुझ्या आई-वडिलांचा दगड घासला. ओला झाला की पाटीचा दगड निळा-काळा होतो आणि अक्षरं वर येतात. आजूबाजूला माणसं होती पण फार नव्हती. जिथे कुणी येत नाही अशा दगडांची ओळ वाढत चाललीय. मी त्यातले दोन-तीन धुतले, घरांची नावं वाचत वाचत. निखिल माझ्याकडे बघत होता. शेवटी मराठीत हळूच म्हणाला, 'आई, आता इथे तुझा कोण आहे?' मी ब्रश बादलीत बुडवला.

तेवढ्यात इवान वर आला, बायको आणि तीन पोरांसह. पोरांनी तुझ्या मातीवर फुलं ठेवली, वाकडीतिकडी. इवान माझ्यापाशी येऊन उभा राहिला आणि गवताकडे बघत म्हणाला, 'आम्हा पाचजणांना पेन-इ-बाँट पुरत नाही. तुमचं घर पुरेल, आम्ही भाडं देऊ. तुम्ही अँटी नेरिसच्या मागच्या खोलीत राहाल का?'

तो पुढे काही बोलला नाही. बायकोही बोलली नाही. दोघं थांबले.

मी म्हटलं, 'हो.'

'आई, लेट्स टॉक अबाउट धिस फर्स्ट,' निखिल म्हणाला. त्याला वेल्श इतकं अजून समजतं. मी म्हटलं, 'बोलू या, बाळा. जे बोलायचं ते सगळं बोलू. पण हो म्हणून झालंय.' तो रागावलाय. एजंटला फोन करायचाय, भाड्याचं, कागदपत्रांचं सगळं ठरायचंय, आणि म्हातारपणी परक्याच्या घरात जाऊन राहणं हे सांगलीत माझ्या बहिणीला कसं सांगायचं तेही मला माहीत नाही. ते मी निभावून नेईन.

पण ती खोली माझ्या एकटीसाठी तू केली नव्हतीस. तुझ्या योजनेत सकाळी भिंतीपलीकडे तू खोकणार होतीस, मी उठून चहा ठेवणार होते, आणि दिवसभर आपण कशावरून तरी भांडणार होतो. मी ती खोली घेतली आणि ते दिवस घालवले. आज उतारावर, तीन पोरांच्या समोर, मी हो म्हटलं नेरिस, स्वच्छ, पहिल्याच वेळी, तुझ्या भाषेत. ते तुला म्हणायचं होतं.